गाळातला टाक

“डोळ्यांनी नको शोधूस पोरी, तळव्यांनी शोध,” मदिनाबी म्हणाली. “गाळात डोळ्याला काय दिसणार? पाऊल टेकव, दाब, हळूच सरकव. शिंपला खरखरतो, खापरी बोचते. धातू गार लागतो.”

“मला सगळंच गार लागतंय, चाची.”

“मग थांब जरा. पाय शेकून घे उन्हात. पोटात जीव आहे तुझ्या, नदीशी हट्ट नको.”

मी लुगडं गुडघ्याच्या वर खोचून कृष्णेच्या गाळात उभी होते. पूर ओसरला होता, पण काठ अजून त्याचाच होता. धुण्याचे दगड अर्धेअधिक बुडालेले, बाभळींच्या फांद्यांना कडबा आणि चिंध्या लटकलेल्या, आणि सगळ्यावर तो काळा, लोण्यासारखा मऊ गाळ. माझं माहेर माणदेशातलं. आम्ही हंडाभर पाण्यासाठी विहिरीच्या तळाशी उतरणारी माणसं. एवढं पाणी आणि एवढा चिखल मी लग्न होऊन या गावात आले तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

मदिनाबी धूळधोयांची. सोनाराच्या दारातली धूळ घ्यायची, ती पाण्यात खळबळून तिच्यातला सोन्याचा कण निवडायचा, हा त्या लोकांचा पिढीजात धंदा. पूर उतरला की ती लाकडाची उथळ परात घेऊन काठाकाठानं यायची. घाटावर कुणाची नथ पडलेली असते, कुणाचं जोडवं, रक्षेबरोबर वाहून आलेला मेलेल्याच्या तोंडातला सोन्याचा तुकडा असतो. नदी जे गिळते त्यातलं थोडं उन्हाळ्यात ओकते, थोडं पुरानंतर, असं ती म्हणायची. मी काय शोधते आहे ते पहिल्याच दिवशी तिनं विचारून घेतलं होतं. टाक म्हटल्यावर तिनं कानाला हात लावला आणि माझ्याबरोबर शोधू लागली.

टाक म्हणजे काय, हे आताच्या मुलींना सांगावं लागतं. बायको वारलेल्या माणसाला, बिजवराला, मुलगी दिली की पहिलीचा टाक दुसरीच्या गळ्यात घालायचे. चांदीचा बोटभर पत्रा, त्यावर हात जोडून उभी असलेली बाई ठोकलेली, वर कडी. काळ्या दोऱ्यात ओवून तो मंगळसूत्राच्या खाली राहायचा. मेलेलीचा जीव संसारात अडकलेला असतो. तिला गळ्यात मान दिला म्हणजे ती नव्या बाईला आणि तिच्या लेकरांना त्रास देत नाही, अशी समजूत. माझ्या सवतीचं नाव सगुणा. बाळंतपणात गेली, मूलही गेलं. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण आंघोळ झाली की तिला हळदकुंकू लावायची. कधी कधी तिच्याशी बोलायचीसुद्धा. सासरी पहिल्या वर्षात बोलायला असतं कोण?

तो टाक पुराआधीच्या आठवड्यात गोधड्या धुताना गेला. दोरा भिजून कुजला होता. वाकळ पिळायला वाकले, सरळ झाले, तर गळा हलका. घरी येऊन रडत सांगितलं तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तडक उठल्या. ओल्या गोधड्यांचा सगळा ढीग त्यांनी अंगणात ओढला आणि एकेक घडी उलगडून झटकू लागल्या. पुन्हापुन्हा झटकल्या. शिवणी चाचपल्या. मग मटकन खाली बसल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, म्हातारीचा पहिल्या सुनेवर किती हा जीव.

त्या दिवसापासून मला देवघर बंद, चूल बंद. सोप्यात एका कोपऱ्यात माझं अंथरूण आलं. नवा टाक करू या, असं मी म्हटलं तर त्या म्हणाल्या, नवा पत्रा म्हणजे ती नव्हे. रुसलेली बाई अशी परत येत नसते. पोटातलं पाचव्या महिन्यातलं आहे, ती आधी त्याच्यावर येईल. अविधवा नवमीला टाकाची पूजा होते, अहेवपणी गेलेल्या बायकांचा तो दिवस. तोवर टाक सापडला तर ठीक, नाहीतर तुला माहेरी पोचवते, इथल्या उंबऱ्यावर मला दुसरा घात नको. यांची नोकरी मिरजेला, रेल्वेत. सुट्टीला आले तेव्हा मी त्यांच्याकडे आशेनं पाहिलं. आई म्हणते तसं कर, एवढंच म्हणून ते बिडी ओढायला बाहेर गेले.

माहेरी मागं दोन बहिणी लग्नाच्या. सासरनं परत धाडलेली पोटुशी लेक दारात उभी राहिली असती तर त्यांना कुणी पदरात घेतलं नसतं. म्हणून पाणी उतरायला लागल्यापासून मी रोज गाळात उतरत होते. पाण्याला येणाऱ्या बाया घाटावर थबकायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि एकमेकींकडे न बघता कळशा उचलून निघून जायच्या. एकदा द्वारकाक्का तेवढ्या खाली आल्या. “पाण्यात शिरू नकोस हो बाई,” म्हणाल्या. “कोरड्यात काय शोधायचं ते शोध.” असं म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

या द्वारकाक्का म्हणजे मला सासरी मिळालेली आईच. घाटावर रामाचं देऊळ. चातुर्मासात तिथं हरिदासबुवांचं रोज संध्याकाळी कीर्तन. घरात मला एकच मोकळीक होती, कीर्तनाला जायची. काय सांगू त्या कीर्तनाचं. बुवा पूर्वरंगात अभंगाचा एकेक शब्द असा उलगडायचे, जसा आईनं लेकराच्या पायातला काटा काढावा. आणि उत्तररंगात आख्यान लागलं की सगळं देऊळ वनवासाला निघायचं. माझं लहानपण टाळांच्या नादात गेलेलं, त्यामुळे धृपद कानावर पडलं की मला राहवत नसे. मी उचलून धरायची, मग बाकीच्या बाया. द्वारकाक्का माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या. मला डोहाळ्यांत मळमळायचं म्हणून पदराच्या गाठीत सुंठ आणायच्या. त्या बायांमध्ये बसलं की मला वाटायचं, घर कसंही असो, गाव चांगलं मिळालं.

त्या दिवशी ऊन चढल्यावर मदिनाबी म्हणाली, धुण्याच्या दगडांपाशी आता काही उरलं नाही, पिंपळाखाली बघू. पिंपळाखालची दरड पुरानं कापून नेली होती. भंगलेले देव, निर्वंश झालेल्या घरांचे टाक, नदीत सोडायची ती जागा. धार तिकडूनच वळायची, तेव्हा माझा टाक तिथं जाऊन अडकला असेल, असा तिचा अंदाज. मी पाऊल दाबत दाबत सरकत होते. टाचेखाली काहीतरी पातळ, थंड लागलं. वाकून गाळात कोपरापर्यंत हात घातला आणि हाताला कडी लागली.

धुतल्यावर पाहिलं तर टाकच. काळा पडलेला, पण पत्रा अखंड. माझ्या टाकाएवढाच, फक्त जरा रुंद. मी एवढ्या जोरात रडले की मदिनाबी परात टाकून आली. तिनं टाक हातात घेऊन उजेडात धरला आणि तिचं तोंड उतरलं.

“हा तुझा नाही, पोरी. बघ तरी. यात दोन आहेत.”

खरंच दोन होत्या. खांद्याला खांदा लावून हात जोडून उभ्या असलेल्या दोन बाया.

“दोन म्हणजे तिसरीच्या गळ्यातला,” मदिनाबी म्हणाली. “काय नशीब असेल बिचारीचं. दोघी मेलेल्या घरात नांदायला गेली.”

मी तो तिच्या परातीत ठेवला. तिनं परत माझ्या हातात दिला. “गळ्यातलं आम्ही ठेवत नाही. आणि एक सवत घ्यायला कुणी तयार नसतं, दोन कोण विकत घेईल?” आम्ही दोघी हसलो. मी त्या गाळात शेवटचं तेव्हा हसले.

दुसऱ्या दिवशी नवमी. हसू ओसरल्यावर मला ते आठवलं. आणि तिथंच, गाळात बसल्या बसल्या, माझ्या डोक्यात ती कल्पना आली. चांदी जुनी आहे, घडण तीच आहे, पत्रा नदीतलाच आहे. यातली एक बाई काढून टाकली तर उरलेली सगुणा म्हणून का चालणार नाही? मेलेलीला फसवावं असं मनात नव्हतं. मी सगुणेला मनोमन सांगितलं, बाई गं, तू ये यात, मला घराबाहेर काढू नकोस.

पायाचा चिखलही नीट न धुता मी नाना पोतदारांच्या दुकानात गेले. नाना गावातले एकटेच सोनार, थकलेले, चष्म्याची काडी दोऱ्यानं कानाला बांधलेली. मी पदराआडून टाक त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, “नाना, यातली एक बाई पुसून द्याल का?”

नानांनी टाक उचलला. चिमट्यात धरून पुसला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“कुठली पुसू?” त्यांनी विचारलं.

“कुठलीही. मला एकच हवी आहे.”

“वैनी, हा कुठं मिळाला तुम्हाला?”

मी सांगितलं. नानांनी भात्याजवळच्या पोराला चहा आणायला पिटाळलं आणि दुकानाची एक फळी ओढून घेतली. मग खालच्या आवाजात म्हणाले, “हा मीच घडवलाय. तुमच्या लग्नाच्या आधी. तुमच्यासाठीच.”

मला काही कळेना. मी म्हटलं, माझा टाक एकीचा होता, सगुणाबाईंचा.

“तो जुना. तोही माझ्याच हातचा. पण तो तुमच्यासाठी नव्हता केला. तो हौसावैनींच्या गळ्यातला.”

“हौसा कोण?”

नानांनी चष्मा काढला. त्यांना माझ्याकडे बघायचं नव्हतं. ही उजवीकडची सगुणा, ही डावीकडची हौसा, असं त्यांनी चिमट्याच्या टोकानं दाखवलं. हौसा दुसरेपणावर आलेली. दीड-दोन पावसाळे नांदली आणि नदीत गेली. त्यानंतर माझं स्थळ आलं. आत्याबाईंनी दोघींचा टाक करवून घेतला, रीतीप्रमाणे. मग माझे वडील बोलणी करायला येणार असं ठरलं, आणि आत्याबाईंच्या ध्यानात आलं की हा टाक मुलीच्या बापाच्या नजरेला पडला तर बोलणी तिथंच संपतील. दोन बायका गेलेल्या घरात तिसरी कोण देतो? म्हणून तो नदीत गेला आणि हौसाचा जुना माझ्या गळ्यात आला. माझ्या बापानं मला बिजवराला दिली होती. मिळाला तिजवर.

मागच्या वर्षीची नवमी माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली. घरात दोन सवाष्णी जेवल्या होत्या, दोन ओट्या भरल्या होत्या. दुसरी कुणाची, असं मी विचारलं होतं. आजेसासूची, आत्याबाई म्हणाल्या होत्या. मी त्या दुसऱ्या पानावर आपल्या हातानं पुरण वाढलं होतं.

“पुसायची का?” नानांनी पुन्हा विचारलं. आवाजात छद्म नव्हतं. “पुसायची म्हणालात तर पुसतो. गावानं पुसलीच आहे.”

मी म्हटलं, “नको. कडीत दोरा घालून द्या.”

घरी आले तेव्हा आत्याबाई सोप्यात फुलवाती वळत बसल्या होत्या. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि पदर बाजूला केला. टाक उजळून आणला होता. तो लांबूनही दिसत होता.

“टाक सापडला,” मी म्हटलं. “आत येऊ का?”

त्यांच्या बोटांतला कापूस तसाच राहिला. “हा नव्हे,” त्या म्हणाल्या. सवयीनं म्हणाल्या आणि म्हटल्याबरोबर त्यांच्या लक्षात आलं.

“मग हा कुणाचा, आत्याबाई?”

त्या पुन्हा कापूस वळू लागल्या.

“तुमच्या घरचा नसेल तर सांगा. मी नदीत सोडून येते आणि माहेरी जाते. तुमच्या घरचा असेल तर मी आत येते.”

त्यांनी वाती उचलून तबकात ठेवल्या आणि म्हणाल्या, “खरं सांगितलं असतं तर तुझ्या बापानं दिली असती का?”

“नसती दिली.”

“मग? माझा एकुलता एक लेक. वंश बुडू देऊ? दोष काही ठेवला नाही मी. लग्नाआधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावलं. तिसरी रुई झाली. तू चौथी. शास्त्रानं तुला काही बाधत नाही.”

“मग रुईपण काढून घ्यायची होती की टाकावर. झाडानं काय घोडं मारलं होतं?”

त्यांना ते लागलं. डोळे भरून आले. टाक सोडताना दोघींची समजूत घातली होती, असं त्या सांगू लागल्या. पिंपळाखाली नैवेद्य ठेवला, पदर पसरला, दर अमावास्येला दिवा सोडते. मी सगळं ऐकून घेतलं. खोटं नव्हतंच त्यात काही. भीती खरी होती, दिवाही खरा होता.

“हौसा कशी गेली?” मी विचारलं.

“पाय घसरला.”

“कशाला गेली होती?”

आत्याबाईंनी वर पाहिलं. “दोरा तिचाही तुटला होता,” त्या म्हणाल्या. “गोधड्या धुताना. मी बोलले तिला. टाकाशिवाय घरात येऊ नको म्हणाले. पाणी चढतं होतं. ती शोधायला उतरली.”

“आणि टाक?”

“गोधडीच्या घडीत निघाला. दिवेलागणीला.”

मला त्या ओल्या गोधड्यांचा ढीग आठवला, त्यांनी उलगडलेली एकेक घडी, चाचपलेल्या शिवणी.

“हे सगळं ठाऊक असून मला का धाडलंत?”

त्यांनी खरंच विचार केला, आणि मग अगदी साधेपणानं म्हणाल्या, “आता पाणी उतरलं होतं ना.”

मी उंबरा ओलांडून आत गेले. हात धुतले, चूल पेटवली, उद्याच्या पुरणाची डाळ निवडायला घेतली. कुणी मला अडवलं नाही. मी निघून का गेले नाही, असं माझ्या सुना विचारतात. जाणार कुठं होते? माहेरी दोन बहिणी होत्या, आणि पोटात हे घर वाढत होतं.

नवमीला हे मिरजेहून आले. मी वाढायला वाकले तेव्हा टाक त्यांच्या ताटावरून लोंबला. त्यांनी पाहिला. त्या दोघींना त्यांनी ओळखलं असणारच, दोघींशी संसार केला होता. ते पुरणपोळीचा घास मोडत म्हणाले, “कटाची आमटी बरी झालीय.” त्यानंतर आम्ही सगळा जन्म एकत्र काढला, चार मुलं वाढवली, पण या विषयावर त्यांनी केलेलं भाषण तेवढंच.

संध्याकाळी मी कीर्तनाला गेले. टाक पदरावर ठेवला होता, झाकला नव्हता. माझ्या डोक्यात काय होतं ते सांगते. मला वाटत होतं, गावाला हे ठाऊक नसेल. म्हणजे बाई नदीत गेली हे ठाऊक असेल, पण मला फसवून आणलंय हे नसेल. बायांना मी दाखवणार होते. द्वारकाक्का छातीशी धरतील, आत्याबाईंना चार शब्द सुनावतील, निदान माझ्या वाटचं रडतील.

देवळात बाया बसल्या होत्या. मी गेल्यावर सरकून जागा झाली. माझ्या गळ्याकडे एकीची नजर गेली, मग दुसरीची. कुणी दचकलं नाही. कुणी विचारलं नाही की दोन कशा. नजरा खाली गेल्या आणि जी ती वाती, माळा, पोरं सावरू लागली.

द्वारकाक्का जवळ सरकल्या. त्यांनी टाक हातात घेतला, अंगठ्यानं डावीकडच्या बाईचा चेहरा पुसला आणि मायेनं म्हणाल्या, “बरं झालं गं बाई, सापडला. नाकाची ठेवण आलीय बरीक तिची. हौसाला फार नाद कीर्तनाचा. गळाही गोड. आमच्यातच बसायची.”

“आक्का, तुम्हाला ठाऊक होतं?”

“सगळ्यांनाच ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “तुझा संसार मोडू नये, म्हणून कुणी बोललं नाही. तुझ्याच भल्यासाठी, वेणू.” आणि रोजच्यासारखी पदराची गाठ सोडून त्यांनी सुंठेचा खडा माझ्या हातावर ठेवला.

तेवढ्यात बुवा उभे राहिले. पखवाजावर थाप पडली. बुवांनी धृपद म्हटलं आणि हात उंचावून आमच्या बाजूला वळले. सगळ्या बायांनी ते एकदम उचललं, एका सुरात, एका तालात. कुणाचा आवाज मागं नाही, कुणाचा पुढं नाही. अशाच मिळून त्या दीड वर्ष गप्प बसल्या होत्या.

माझं वय आता त्या वेळच्या द्वारकाक्कांच्या पुढं गेलं. कीर्तन मी अजून चुकवत नाही. रामानं माझं काही बिघडवलेलं नाही. बुवा नवे आहेत, छान सांगतात, आख्यानाला मला अजून रडू येतं. पण त्यांनी धृपद म्हणून आमच्याकडे हात केला की मी ओठ मिटून टाळी वाजवते. शेजारच्या बाया समजतात, म्हातारीचा गळा गेला.